झाकणावरचं नाव

जिगसॉ कोड्याचे उरलेले तुकडे मोजायचे नाहीत, असा ग्लेंडाच्या घरात नियम होता. पण सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला तिच्या नवऱ्याने, गार्नेटने, कॉफी ओतायच्या निमित्ताने टेबलाभोवती एक फेरी मारली आणि चोरून मोजलेच. एकशे बारा. ग्लेंडा आणि तिची धाकटी बहीण नोरीन याच वेगाने बसल्या, तर तीनच्या आत कोडं संपणार होतं. खरं तर एकशे तेरा उरायला हवे होते. तो एकशे तेरावा कुठे आहे हे जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, अशी गार्नेटची समजूत होती.

आमच्याकडे फेब्रुवारीत तळं गोठलेलं असतं, रस्ते पांढरे असतात, आणि माणसं घरात बसून एकमेकांना विटलेली असतात. त्यावर उतारा म्हणून ग्लेंडाच्या वडिलांनी, म्हाताऱ्या हार्वीने, हजार तुकड्यांच्या जिगसॉ कोड्याची प्रथा पाडली. दर वर्षी फेब्रुवारीतल्या, सोमवारची सुट्टी जोडून येणाऱ्या लांब वीकेंडला खिडकीपाशी टेबल मांडायचं, शुक्रवारी संध्याकाळी खोका फोडायचा आणि सोमवारी रात्रीच्या जेवणाच्या आत चित्र पुरं करायचं. जो शेवटचा तुकडा बसवेल, त्याने खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आपलं नाव आणि साल लिहायचं. बक्षीस वगैरे काही नाही. पण तळघरात अशी चौतीस झाकणं रचून ठेवलेली होती, आणि ग्लेंडा पाहुण्यांना फोटोंचा अल्बम दाखवावा तशी ती दाखवत असे.

त्या चौतीस झाकणांत गार्नेटचं नाव एकदाही नव्हतं. एकतीस वर्षं तो या घरचा जावई होता. गावच्या रस्त्यांवर बर्फ हटवायची गाडी चालवून रिटायर झाला होता. पण ऐन शेवटी कुणाचा तरी हात त्याच्या आधी पोचायचा. ग्लेंडाचं नाव एकोणीस वेळा होतं, नोरीनचं सात वेळा. एवढंच काय, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरचंही नाव होतं. त्याने जाता जाता उभ्या उभ्या तुकडा बसवला आणि वर बिलही दिलं. त्या दिवशी गार्नेट जेवला नाही.

म्हणून या वर्षी, शनिवारी दुपारी दोघी बहिणी सूप ढवळायला उठल्या असताना, गार्नेटने लाल छपरातला एक तुकडा उचलला आणि मागच्या दाराशी लटकणाऱ्या आपल्या जुन्या हिरव्या कोटाच्या खिशात टाकला. शेवटी भोक राहील, सगळे शोधाशोध करतील, आणि तुकडा आपल्याला ‘सापडेल’, असा साधा बेत होता. असं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केलं, असं मात्र मी म्हणणार नाही.

आता ती वेळ आली होती. गार्नेट मागच्या दाराशी गेला. खुंटीवर कोट नव्हता. त्याच्या जागी एक नवाकोरा नारिंगी कोट लटकत होता, लेबलासकट.

“ग्लेंडा, माझा कोट कुठाय?”

“कुठला?”

“कुठला काय! माझा. हिरवा.”

“तो होय? तो दिला सकाळी चर्चमध्ये. जुन्या कपड्यांचा सेल आहे ना आज.” ग्लेंडाची मान वर झाली नाही. “तुला नवा आणलाय. तो घाल.”

“अगं, पण विचारायचं तरी!”

“बारा वर्षं विचारतेय. दर वेळी नाही म्हणतोस. म्हणून या वेळी विचारलंच नाही. मासळीचा वास मारत होता तो, गार्नेट. पाहुण्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.”

पाहुणी म्हणजे नोरीन. तीही हसली नाही. गेले तीन दिवस या घरात कुणी मोकळं हसलंच नव्हतं, आणि त्याला कारण होतं. दहा वर्षांपूर्वी याच टेबलावर दीपगृहाचं कोडं मांडलं होतं आणि त्यातला एक तुकडा शेवटपर्यंत सापडला नाही. ग्लेंडाने खापर फोडलं नोरीनच्या कुत्र्यावर. टॉफी त्याचं नाव. लांब कानांचा, गरीब स्वभावाचा प्राणी. “त्यानेच गिळलाय,” असं ग्लेंडा ठामपणे म्हणाली, आणि नोरीनला तीन दिवस, उणे वीस तापमानात, प्लास्टिकची पिशवी घेऊन टॉफीच्या मागे मागे फिरायला लावलं. पुरावा काही हाती लागला नाही. तरी नोरीन निघताना ग्लेंडा बोलून गेली, “पुढच्या वेळी कुत्र्याला आणू नकोस.” नोरीन म्हणाली, “मग मीही येत नाही,” आणि नऊ वर्षं आली नाही. वाढदिवसाला फोन, तोही हवापाण्यापुरता. त्या तीन दिवसांत सगळ्यांत जास्त शोधाशोध गार्नेटने केली होती. तो फारसा बोलला मात्र नव्हता.

गेल्या ऑक्टोबरात टॉफी म्हातारपणाने गेला. ते कळल्यावर ग्लेंडाने फोन केला, “या वर्षी ये.” माफी मागितली नाही, तसली सवय त्या घराण्यात नाही. नोरीन आली होती, पण बॅग अजून उघडून रिकामी केली नव्हती. पाहुण्यांच्या खोलीत ती दाराजवळच, उचलायच्या बेताने ठेवलेली होती. आणि आज पुन्हा एक तुकडा कमी पडणार होता. हा विचार गार्नेटच्या डोक्यात आत्ता, रिकाम्या खुंटीकडे बघताना आला.

“मी जरा बाहेर जाऊन येतो,” तो म्हणाला.

“कशाला?”

“पायऱ्यांवर मीठ टाकायला.”

“सकाळी टाकलंस की.”

“मीठ संपलंय. आणायला हवं.”

“गॅरेजमध्ये दोन पोती आहेत,” नोरीन म्हणाली. “कालच मला दाखवलीस. अगदी कौतुकाने.”

“मग दूध?”

“दूध आहे,” दोघी एकदम म्हणाल्या.

गार्नेटने स्वयंपाकघरात नजर फिरवली. ओट्यावर बटर टार्टचा, म्हणजे लोणी-साखर भरलेल्या छोट्या गोड वाट्यांचा, रिकामा डबा होता. शेवटचे दोन टार्ट त्यानेच न्याहारीला संपवले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा हावरटपणा त्याच्या कामी आला.

“बटर टार्ट संपलेत. बटर टार्टशिवाय कोडं कसं संपवणार?”

“मनुका घातलेले आण,” ग्लेंडा म्हणाली.

“बिनमनुक्यांचे,” नोरीन म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तीन दिवसांतली ती पहिली सरळ नजरानजर होती, आणि ती चांगली नव्हती. गार्नेटने नारिंगी कोट अंगात घातला आणि पळ काढला.

चर्चच्या तळघरात पॅनकेकचा वास दरवळत होता आणि सेल आवरायला आला होता. दाराशी वेल्माबाई बसल्या होत्या. वय ऐंशी. त्यांनी गार्नेटला तिसरीत शिकवलं होतं, त्यामुळे खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे त्यांना चांगलं माहीत होतं.

“वेल्माबाई, ग्लेंडाने सकाळी एक हिरवा कोट आणला होता. तो चुकून आलाय. परत न्यायचाय.”

“गेला तो. दहा मिनिटांत विकला गेला.”

“कुणी घेतला?”

“का रे? खिशात काय होतं?”

“काही नाही.”

“काही नसलेल्या खिशासाठी माणूस असा धापा टाकत येत नाही. चिठ्ठी होती का कुणाची?”

“वेल्माबाई! सहासष्ट वर्षांचा झालोय मी!”

“म्हणूनच विचारते. या वयात जास्त सांभाळावं लागतं. कान बघ तुझे. ग्लेंडाला फोन लावू का?”

“नको!” गार्नेट एवढ्या जोरात ओरडला, की पॅनकेक खाणाऱ्यांचे काटे हवेत थांबले.

वेल्माबाईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. मग हॉलभर पसरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. “माझे गुडघे धरलेत आज,” त्या म्हणाल्या. “एवढ्या खुर्च्या मिटून कोठीत नेऊन ठेव. तोवर मला आठवेल.”

त्रेचाळीस खुर्च्या होत्या. तिसाव्या खुर्चीला खिशातला फोन वाजला.

“कुठे आहेस?” ग्लेंडाचा आवाज. “साठ राहिलेत.”

“मोजायचे नाहीत ना?”

“मी मोजले तर चालतं. तू टार्ट भाजून आणतोयस का?”

“रांग आहे गं,” गार्नेट म्हणाला आणि एका हाताने एकतिसावी खुर्ची मिटली. तिने त्याचं बोट धरलं. तो कळवळला, पण आवाज न करता.

शेवटची खुर्ची आत गेल्यावर वेल्माबाईंची स्मरणशक्ती परत आली. “लॉर्नने नेला. मासे धरायला उत्तम आहे म्हणाला. वास आधीपासूनच आहे म्हणे. इथूनच तळ्यावर गेलाय, कोट घालून.”

गोठलेल्या तळ्यावर त्या दिवशी मासे धरणाऱ्यांच्या पन्नासेक झोपड्या होत्या. लॉर्नची निळी झोपडी अर्थातच सगळ्यांत टोकाला. गार्नेटने गाडी बर्फावरून शक्य तितकी पुढे नेली आणि मग उरलेलं अंतर चालत, घसरत, एकदा बसून पार केलं. दार उघडलं तर आत अंधार, बर्फातलं गोल भोक, त्यात सोडलेली दोरी, कोपऱ्यात छोटीशी लोखंडी चूल, चुलीवर वाटाण्याच्या सुपाचं भांडं, आणि स्टुलावर लॉर्न. अंगात हिरवा कोट. आत शिरताच गार्नेटच्या चष्म्यावर वाफ धरली.

“दार लाव,” लॉर्न कुजबुजला. “आणि बोलू नकोस. आत्ता येतोय.”

“लॉर्न, त्या कोटाच्या खिशात...”

“शू!”

गार्नेट गप्प बसला. लॉर्न आणि तो वीस वर्षं एकाच संघातून बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा खेळ खेळत होते, तेव्हा लॉर्नला घाई करता येत नाही हे त्याला माहीत होतं. फोन पुन्हा वाजला. लॉर्नने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने फोन न घेता कोटात दाबून धरला. फोन तिथेच थरथरत राहिला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एकदाची दोरी ताणली आणि एक वीतभर मासा वर आला.

“हं,” लॉर्न म्हणाला. “आता बोल. खिशाचं काय?”

“खिशात पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. लाल. जिगसॉचा.”

“खिसा तर रिकामा होता.” लॉर्नने आठवून पाहिलं. “पण फाटका होता. अस्तरात काहीतरी टोचत होतं म्हणून हात घातला. एक खिळा निघाला, दोन पेपरमिंट निघाली, आणि हो, असला एक तुकडा निघाला खरा. पेपरमिंट मी खाल्ली.”

खिसा फाटलाय हे आपल्याला कधी कळलंच नाही, गार्नेटला वाटलं. “तुकडा कुठाय?”

लॉर्नने चुलीच्या पायाकडे बोट दाखवलं. चूल डगडगू नये म्हणून एका पायाखाली काहीतरी सारलेलं होतं.

“मला तो हवाय. आत्ता.”

“तो काढलास तर चूल हलेल. चूल हलली की सूप सांडेल. सूप सांडलं तर मी जेवू काय?”

“लॉर्न, माझ्या घरात एक बाई बॅग भरून बसलीय!”

लॉर्नचा चेहरा बदलला. “ग्लेंडा?”

“नोरीन. पण ती गेली, की ग्लेंडाबरोबर मला राहायचंय ना!”

हे लॉर्नला पटलं. त्याने दोन्ही हातांनी भांडं उचलून धरलं. गार्नेटने पाकीट उघडलं, कर्लिंग क्लबचं ओळखपत्र दोनदा दुमडलं, बर्फावर पालथा पडून चूल जराशी उचलली, तुकडा ओढला आणि ओळखपत्र सारलं. तुकड्याची एक कड किंचित करपली होती, पण रंग लाल होता. वाफाळलेल्या चष्म्यातून त्याने एवढंच पाहिलं, आणि त्याला पुरे झालं.

“थांब,” लॉर्न म्हणाला. “एवढा आलायस तर हा घेऊन जा.” आणि त्याने तो मासा गार्नेटच्या नव्या कोटाच्या खिशात सोडला.

गाडीत बसल्यावर गार्नेटने ग्लेंडाचा निरोप ऐकला. त्यात चारच शब्द होते. “एक तुकडा कमी आहे.”

तो घरात शिरला तेव्हा नोरीन टेबलापाशी उभी होती. अंगात कोट, पायांत बूट, हातात बॅग. टेबलावर हेमंतातलं रान होतं, लाकडी पूल होता, कोठार होतं, आणि कोठाराच्या लाल छपरात एक भोक होतं.

“ये, गार्नेट, बरा आलास,” नोरीन म्हणाली. “तुझ्यासमोरच सांगते. या वेळी कुत्रा नाहीये. या वेळी मीच गिळला म्हणेल ही. ते ऐकायला मी थांबत नाही.”

“मी काही म्हटलंय का?” ग्लेंडा म्हणाली. “खाली बस. अजून वेळ आहे. मी तर नुसती याची वाट बघत होते.”

“टार्ट कुठायत?” हेही ग्लेंडानेच विचारलं.

“संपले होते,” गार्नेट म्हणाला. त्याचे कान लाल झाले. “मासा आणलाय.”

कुणी काही बोलायच्या आत तो गुडघ्यांवर बसला, टेबलाखाली शिरला, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरपर्यंत रांगत गेला आणि तिथून ओरडला, “अरेच्चा! हा बघा! इथे मागे पडला होता! उगाच कुणी कुणाला काही बोलू नका!”

तो तुकडा उंच धरून बाहेर आला. एकतीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा क्षण. त्याने तुकडा भोकावर ठेवला. तो बसला नाही. त्याने फिरवून ठेवला. तरी बसला नाही. त्याने अंगठ्याने दाबला.

“दाबू नकोस,” ग्लेंडा म्हणाली.

तिने तुकडा त्याच्या हातातून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने आपल्या स्वेटरच्या खिशात हात घातला आणि दुसरा एक लाल तुकडा काढून टेबलावर ठेवला.

“तुझा तुकडा हा,” ती म्हणाली. “काल रात्रीच काढला. खिसे तपासल्याशिवाय मी कधी कुणाला कपडे दिलेत? म्हटलं, आता मीच शेवटी बसवते, आणि याचं तोंड बघते.” मग तिने हातातला करपलेला तुकडा पुढे केला. “पण हा कुठला?”

आता गार्नेटने चष्मा पुसून नीट पाहिलं. लाल रंगाला एक बारीक पिवळा झोत चिकटलेला होता. कोठाराच्या छपरावर दिवा नसतो.

नोरीनने बॅग खाली ठेवली. “दीपगृह,” ती म्हणाली.

गार्नेट खुर्चीच्या कडेला टेकला. “मी तेव्हा फक्त... एकदाच नाव यावं म्हणून... त्याच हिरव्या कोटाच्या खिशात ठेवला होता. मग सापडलाच नाही. मला वाटलं बर्फात कुठे पडला. आणि तुम्ही दोघी एवढ्या भांडलात, की मग सांगायची हिंमतच झाली नाही.”

“दहा वर्षं?” ग्लेंडाने विचारलं.

“दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी सांगू.”

“तीन दिवस,” नोरीन सावकाश म्हणाली, “तीन दिवस मी पिशवी घेऊन त्याच्या मागे फिरले. तो सारखा वळून माझ्याकडे बघायचा. त्याला कळेचना, हिला एवढं काय हवंय.” आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. ग्लेंडा उठली आणि तिने बहिणीला घट्ट धरलं.

“त्याला मी चोर म्हटलं,” ग्लेंडा म्हणाली. “चुकले मी, नोरीन.” हे शब्द त्या घराण्यात ऐकण्याची गार्नेटची पहिलीच वेळ होती.

कोठाराचा तुकडा नोरीनने बसवला आणि झाकणावर नाव लिहिलं. मग ग्लेंडा तळघरात गेली आणि नाव नसलेलं एकमेव झाकण, खोक्यासकट, घेऊन वर आली. तिने खोका टेबलावर रिकामा केला.

“एकट्याने,” ती म्हणाली. “आम्ही हात लावणार नाही. आणि तुझ्या नव्या कोटाला वास येतोय.”

गार्नेटला पाच आठवडे लागले. त्यातले तीन तर नुसतं आभाळ लावण्यात गेले. मार्चच्या अखेरीला बर्फ वितळू लागला, तेव्हा नोरीन मुद्दाम पुन्हा आली, दोन्ही तऱ्हेचे बटर टार्ट घेऊन. दोघी बहिणी हाताची घडी घालून टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. कुणाचाही हात मध्ये येणार नव्हता. गार्नेटने करपलेला तुकडा दिव्याच्या जागी ठेवला, आणि तो अलगद बसला.

ग्लेंडाने त्याच्यापुढे झाकण ठेवलं आणि पेन दिलं. एकतीस वर्षांत हे पेन त्याच्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. मग वाकून, शाळेतल्या पोरासारखं जपून, त्याने दहा वर्षांपूर्वीचं साल लिहिलं आणि त्यावर नाव लिहिलं : टॉफी.

नोरीनने ते दोनदा वाचलं. तिने नाक पुसलं, त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ लिहिली. आपल्याकडे पावतीवर खाली लिहितात ना, तशीच ती होती : हस्ते, गार्नेट.